विहीणबाई दारावर गवताचा क्रॉस लावायला आणतायत, काय करू?

पत्र (थोडं कापून देतेय):

"ताई, मी नाशिकची. मुलगा सहा वर्षं डब्लिनला आयटीत आहे, तिथलीच गॉलवेकडची मुलगी, लग्न ठरलंय. फेब्रुवारीत आपल्या पद्धतीने नाशिकला. मुलगी गोड आहे, काही तक्रार नाही. तिने मला मुलाबरोबर सोन्याची अंगठी पाठवली, दोन हातांनी धरलेला बदाम आणि वर मुकुट. मी हौसेने उजव्या हातात घातली तर भिशीला सगळ्यांसमोर जाऊबाईंनी मोबाईलवर बघून वाचून दाखवलं की अशी घातली म्हणजे बाई सिंगल आहे, जोडीदार शोधतेय! सगळ्या हसून हसून लोळल्या. मी काढून कपाटात ठेवली. आता व्हिडिओ कॉलवर मुलगी माझ्या हाताकडे बघते असं वाटतं. दुसरं म्हणजे पत्रिका. आयरिश टच हवा म्हणून कार्डवाल्याने चार पाकळ्यांचं हिरवं पान, हिरव्या टोपीतला दाढीवाला बुटका, एक वीणेसारखं वाद्य आणि तीन जोडलेले भोवरे टाकलेत. मुलगा म्हणतो आई हे नको, का ते सांगत नाही. तिसरं, विहीणबाई जानेवारीअखेर येतायत आणि आमच्या दारावर लावायला गवताचा क्रॉस आणणार म्हणतायत. माझ्या सासूबाई ब्याऐंशीच्या, त्यांनी सांगून टाकलं, आपल्या दारावर क्रॉस लागणार नाही. या सगळ्या चिन्हांचा खरा अर्थ काय? अशुभ काही नाही ना? - होणारी सासू, नाशिक"

होणाऱ्या सासूबाई,

आधी उठा आणि ती अंगठी कपाटातून काढा. पुढचं वाचायच्या आधी काढा, कारण तीन प्रश्नांत घाईचा तोच आहे, पत्रिका आणि क्रॉसला अजून वेळ आहे, पण पोरगी रोज तुमच्या रिकाम्या बोटाकडे बघत असेल आणि मनातल्या मनात आपलं काय चुकलं म्हणत असेल तर ते आजच मिटलेलं बरं.

तर ही क्लाडा रिंग. क्लाडा हे गॉलवेच्या वेशीबाहेरचं जुनं मच्छीमारांचं गाव, आयरिश भाषेत या नावाचा अर्थ दगडगोट्यांचा किनारा. नवऱ्याच्या नोकरीपायी मी गॉलवेत तीन वर्षं काढलीत म्हणून जागा डोळ्यांसमोर आहे, कॉरिब नदी समुद्राला मिळते तिथे एका काठाला शहर आणि पलीकडे क्लाडा, आज गेलात तर धक्क्यावर ढीगभर राजहंस आणि मागे साधी एकसारखी घरं दिसतील कारण गवताने शाकारलेली जुनी घरं १९३० च्या दशकात पाडली. त्याआधी मात्र हे गाव शहराला खेटून असूनही आपल्याच तोऱ्यात होतं, त्यांचा स्वतःचा 'राजा' असायचा, म्हणजे गावचा पाटील समजा, आणि त्याच्या होडीला तेवढं पांढरं शीड. मासे धरायचे पुरुषांनी, विकायचे बायकांनी. वाचून कोळीवाडा आठवला ना, मलाही पहिल्या दिवशी तोच आठवला होता. या गावात ही अंगठी आईकडून मुलीकडे जायची आणि तिच्यापुढे तिच्या मुलीकडे.

गोष्ट अशी सांगतात की गॉलवेचा रिचर्ड जॉइस नावाचा तरुण वेस्ट इंडिजला निघाला होता, वाटेत चाच्यांनी धरला आणि अल्जिअर्सला नेऊन एका सोनाराला गुलाम म्हणून विकला, तिथे हा सोनारकाम शिकला, पुढे १६८९ मध्ये इंग्लंडच्या राजाने कैदी सोडवले तेव्हा सुटला, मालकाने म्हणे पोरगी आणि अर्धी इस्टेट देऊ केली पण पठ्ठ्या ते सगळं सोडून घरी आला आणि ही अंगठी घडवली. आता यात तिखटमीठ किती ते सोडा, पण सोनार जॉइस खरा, १७०० च्या आसपासच्या अंगठ्यांवर त्याच्या नावाची आद्याक्षरं आहेत. हातात हात गुंफलेली अंगठी मात्र त्याच्याही कितीतरी आधीची, रोमन काळापासून युरोपात चालत आलेली, गॉलवेकडे तिला बदाम आणि मुकुटाचं रूप मिळालं आणि तेच गाजलं. हात म्हणजे मैत्री, बदाम म्हणजे प्रेम, मुकुट म्हणजे निष्ठा. यात अशुभ काय असणार?

जाऊबाईंनी वाचलं ते चूक नाही, अर्धवट आहे. उजव्या हातात, बदामाचं टोक नखाकडे, म्हणजे अजून कोणी नाही. उजव्याच हातात टोक मनगटाकडे, म्हणजे मन कुठेतरी जडलंय. डाव्या हातात टोक नखाकडे म्हणजे साखरपुडा झालाय आणि डाव्या हातात टोक मनगटाकडे म्हणजे लग्न झालेली. तुमच्यासाठी डावा हात, मुकुट नखाच्या बाजूला, झालं. तसंही उजव्या हाताने आपण वरणभात कालवतो आणि त्या नक्षीच्या फटीत शितं अडकतात, टूथपिकने काढत बसावं लागतं, अनुभवाने सांगतेय.

आणि हा नियम तिथे सगळ्या पाळतात असं समजू नका. माझ्या शेजारची बाई आजीची अंगठी घालायची, ज्या बोटात शिरेल त्या बोटात, दिशा विचारली तर म्हणाली दिशा माझ्या सांध्यांना विचार. महत्त्वाचं वेगळंच आहे. ही अंगठी नवराबायकोपुरती नसते, आई मुलीला देते, आजी नातीला देते, मैत्रिणी एकमेकींना देतात. त्या मुलीने तुम्हाला ती लग्नाच्या आधी पाठवली, म्हणजे आपल्याकडे सासू सुनेला पाटल्या चढवते तसलं काहीतरी तिने उलट्या दिशेने केलंय. आणि तुम्ही ती भिशीतल्या एका हशापायी कपाटात टाकलीत! आज रात्री कॉल लावा, अंगठी घालून हात कॅमेऱ्यासमोर धरा आणि झालेला किस्सा जसाच्या तसा सांगा, की बाई गं तुझी सासू अख्ख्या भिशीत सिंगल म्हणून मिरवून आली. स्वतःवर हसणारा माणूस त्यांच्याकडे लगेच घरचा होतो, माझा अनुभव आहे. इंग्रजी अडलं तर मुलाला सांगू दे, पण हात तुमचा दिसला पाहिजे.

आता पत्रिका. मुलगा बरोबर बोलतोय, फक्त कारण सांगायचा कंटाळा करतोय, मुलगे करतातच.

चार पाकळ्यांचं पान लकी म्हणून जगभर चालतं, पण आयर्लंडचं ते चिन्ह नाही. त्यांचा शॅमरॉक तीन पाकळ्यांचा. आयरिश शब्द शॅमरोग, अर्थ एवढाच की लहान कोवळं क्लोव्हर, म्हणजे कुरणात उगवतं ते गुरांच्या चाऱ्याचं साधं झाड. सेंट पॅट्रिकने म्हणे हे पान दाखवून लोकांना समजावलं की बघा, एकच देठ पण पाकळ्या तीन, तसा देव एक पण रूपं तीन, पिता पुत्र आणि पवित्र आत्मा. आपल्याला हे समजायला दोन सेकंद पुरतात कारण बेलाचं त्रिदळ हातात घेऊनच वाढलोय. गंमत म्हणजे पॅट्रिक पाचव्या शतकातला, त्याने स्वतःबद्दल लिहिलेलं आजही वाचायला मिळतं आणि त्यात या पानाचा उल्लेखसुद्धा नाही, ही गोष्ट कागदावर सापडते ती थेट १७२६ मध्ये, एका झाडपाल्याच्या पुस्तकात. म्हणजे लोक पान आधीपासून टोपीला लावत होते, गोष्ट लिहून ठेवायला कोणाला तरी उशीर झाला, किंवा गोष्टच नंतर जुळली. आणि खरा शॅमरॉक म्हणजे नेमकं कुठलं झाड यावर तिथेही एकमत नाही, १८९३ मध्ये नॅथॅनिएल कोलगन नावाच्या हौशी वनस्पती अभ्यासकाने लोकांना सांगितलं तुम्ही ज्याला खरा शॅमरॉक म्हणता ते मुळासकट पाठवा, मग ती कुंड्यांत लावून फुलू दिली तर बहुतेक दोन निघाली, एक पिवळ्या फुलाचं बारीक क्लोव्हर आणि दुसरं पांढऱ्या फुलाचं, बाकी इतर काय काय. साधारण शंभर वर्षांनी १९८८ मध्ये परत तोच प्रयोग केला तर निकाल जवळपास तोच. पण चार पाकळ्यांचं कोणीही शॅमरॉक म्हणून लावत नाही. कार्डवाल्याला सांगा एक पाकळी उडव, विषय संपला.

बुटका मात्र पूर्ण उडवा. याला लेप्रेकॉन म्हणतात, मूळचा लोककथेतला एकांडा चांभार, एका बुटावर ठोकठोक करत बसणारा, सोन्याचा हंडा लपवणारा, चिडका आणि चलाख, आणि जुन्या वर्णनांत त्याचा कोट लाल असतो, हिरवा नाही! हिरवी टोपी, लाल दाढी, हातात बिअर, नाचतोय, हा अवतार बाहेरच्यांनी आयरिश माणसाची टिंगल करत करत रुळवलेला. म्हणजे उद्या कोणी परदेशात आपल्या मुलीच्या लग्नाच्या कार्डावर इंडियन टच म्हणून पुंगीवाला गारुडी आणि टोपलीतला नाग छापला तर आपल्याला कसं वाटेल तसं. मी हे खाऊन बसलेय. पहिल्या वर्षी १७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला, मी दोन युरोंच्या दुकानातून हिरवी टोपी आणि खोटी लाल दाढी घेऊन लावून शेजारणीकडे गेले होते, मला वाटलं बाईला गहिवरून येईल, ती दार उघडून दोन सेकंद बघत राहिली आणि म्हणाली 'ये, चहा टाकते'. तिच्या कोटाला एक मातकट, अर्धवट कोमेजलेली शॅमरॉकची जुडी टाचलेली होती, बास, एवढंच. दाढी मी चहाच्या आधी पर्समध्ये कोंबली. (आणि त्या सणाला पॅडीज डे म्हणायचं, पॅटीज नाही, आयरिश नाव पाड्रिग म्हणून पॅडी. हे विहीणबाईंसमोर बरोबर म्हटलंत तर मार्क मिळतील.)

वीणेसारखं दिसतं ते हार्प, आणि तेही काढा, पण वेगळ्या कारणाने. ते त्यांचं राजचिन्ह आहे. पासपोर्टवर तेच, सरकारी कागदांवर तेच, त्यांच्या युरोच्या नाण्यांवरही तेच. आपण लग्नपत्रिकेवर चार सिंहांची राजमुद्रा छापतो का? जुन्या काळी सरदारांच्या पदरी हार्प वाजवणारे असायचे, त्यांना मोठा मान, नंतर इंग्रजांच्या अमलात ती सगळी व्यवस्थाच मोडली. १७९२ मध्ये बेलफास्टला उरलेसुरले वादक जमवून एक मेळावा भरवला तर जेमतेम दहा आयरिश वादक आले, त्यातला एक नव्वदी ओलांडलेला म्हातारा अजून जुन्या रीतीने, वाढवलेल्या नखांनी धातूच्या तारा छेडत होता, आणि एका पोराला बसवून सगळ्यांच्या चाली कागदावर उतरवून घेतल्या म्हणून त्या आज शिल्लक आहेत. मला हार्पची ही गोष्ट त्या नाण्यावरच्या चित्रापेक्षा जास्त आवडते. १९२२ मध्ये देश वेगळा झाला तेव्हा सरकारला हेच चिन्ह हवं होतं, पण गिनेस बिअरवाल्यांनी ते १८७६ मध्येच ट्रेडमार्क करून ठेवलेलं, मग सरकारी हार्पचं तोंड उलट्या बाजूला. तुमच्या कार्डवाल्याने गूगलवरून कुठलं उचललंय देव जाणे, तोंड चुकलं तर नाशिकच्या लग्नाची पत्रिका बिअरची जाहिरात व्हायची.

तीन भोवरे, म्हणजे ती आत आत वळत जाणारी गोल नक्षी, ठेवा. पण खाली तो बारीक अक्षरात 'जीवन, मृत्यू, पुनर्जन्म' असा अर्थ छापणार असेल तर ते नको. तशा अर्थाचे पेंडंट विकणाऱ्या शेकडो साइट्स आहेत, कोणी आई-मुलगी-आजी म्हणतं, कोणी जमीन-पाणी-आकाश म्हणतं, आणि सगळे ठामपणे प्राचीन केल्टिक, म्हणजे आयरिश भाषा ज्यांच्याकडून आली त्या जुन्या जमातींचं, ज्ञान म्हणून सांगतात. हे तीन भोवरे आहेत न्यूग्रेंजला, डब्लिनच्या उत्तरेला बॉइन नदीच्या काठी एक प्रचंड मातीदगडाचा ढिगारा आहे, आत दगडी बोळ आणि बोळाच्या टोकाला खोली, इसवी सनपूर्व ३२०० च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडहून काही शतकं जुनी आणि ज्यांना केल्ट म्हणतात ते लोक यायच्या कितीतरी आधीची. भोवरे दाराशी आडव्या ठेवलेल्या मोठ्या शिळेवर कोरलेत आणि आत खोलीतही. ज्यांनी कोरले त्यांना लिपी नव्हती, त्यांनी अर्थ काही मागे ठेवला नाही. पण एक गोष्ट ठेवली. दाराच्या वर एक छोटी झरोक्यासारखी चौकट आहे, आणि वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांत, २१ डिसेंबरच्या आसपास, सूर्य उगवला की एक किरण त्या चौकटीतून शिरून बोळातून सरकत आतल्या खोलीपर्यंत पोचतो आणि सतराएक मिनिटांत निघून जातो. मायकल ओकेली नावाच्या संशोधकाने १९६७ मध्ये आत उभं राहून हे बघितलं. कोल्हापूरला अंबाबाईचा किरणोत्सव बघायला आपण जीव टाकतो, तीच जात! आता त्या दिवशी आत जायला मिळावं म्हणून तिथे चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. तर भोवरे सुंदर आहेत, जुने आहेत, रांगोळीसारखे दिसतात, पत्रिकेच्या कोपऱ्यात छान बसतील, अर्थ न लिहिता.

किनारीला काही हवं असेल तर ती गुंफलेली गाठ घ्या, एका दोऱ्याचं टोक कुठे सुरू झालं कुठे संपलं कळत नाही अशी नक्षी. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात सन ८०० च्या सुमाराचं हाताने लिहिलेलं बायबलमधलं शुभवर्तमान आहे, बुक ऑफ केल्स, ६८० पानं वासराच्या कातड्याची, त्यात अशा गाठी इतक्या बारीक आहेत की भिंग लावून बघाव्यात. तिथे गाठीला 'शाश्वत प्रेम' हा अर्थ दुकानदारांनी अलीकडे चिकटवलाय, पण आपल्याकडे लग्नाची गाठ म्हणतातच, त्यामुळे तुमच्या पत्रिकेवर ती मराठी अर्थानेच शोभेल, कोणाकडून उसना आणायची गरज नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्रिकेवर गणपतीच्या दोन्ही बाजूंना स्वस्तिक असणारच, आमच्याकडेही होतं. मराठी पत्रिकेवर बिनधास्त ठेवा. पण जी इंग्रजी पत्रिका गॉलवेला जाणार आहे तिच्यावर गणपती राहू दे आणि स्वस्तिक काढा, किंवा ठेवायचंच असेल तर मुलीला आधी सांगा म्हणजे ती घरच्यांना सांगेल. तिकडे ते चिन्ह बघितलं की पहिला आठवतो हिटलर, आणि तिच्या आजी-आजोबांना पाकीट उघडताना कोणी समजावायला शेजारी नसणार. मजा म्हणजे खुद्द डब्लिनमध्ये १९१२ पासून स्वस्तिक लॉन्ड्री नावाची कपडे धुण्याची कंपनी होती, गाड्यांवर चांगलं ठळक स्वस्तिक, शुभ म्हणून घेतलेलं, आणि १९३९ मध्ये त्यांनी नावापुढे १९१२ जोडलं, आमचं आधीचं आहे हो, त्या माणसाशी संबंध नाही, हे सांगायला. जाऊबाईंनी तुमच्या बोटावरची अंगठी वाचली तशी तिकडची एखादी मावशी तुमची पत्रिका वाचेल, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

घरात येऊन सुनेला स्वस्तिक उंबऱ्यावर, कलशावर, सगळीकडे दिसणारच आहे, तेव्हा तिला आधी नीट सांगा. हिरव्या चुड्याचंही सांगून ठेवा. हिरवा हा त्यांचा रंग, सगळ्या जगाला माहीत, पण त्यांच्याकडे जुन्या लोकांत एक समज आहे की हिरवा परीलोकाचा रंग, नवरीने नेसू नये, नाहीतर परीलोकातले तिला पळवतात. विहीणबाई तसल्या नसतील बहुतेक, पण हिरवी साडी हिरवा चुडा बघून एखादी आत्या कुजबुजली तर दचकू नका. (हिरव्याआधी पॅट्रिकचा रंग म्हणून निळाही होता, त्यांच्या राष्ट्रपतींचा झेंडा आजही निळा आहे.)

आणि आता तुमच्या सासूबाई आणि क्रॉस. हे मी शेवटी ठेवलं कारण बाकी सगळं कार्डवाल्याकडून दुरुस्त होतं, हे होत नाही.

विहीणबाई आणतायत तो सेंट ब्रिजिडचा क्रॉस. १ फेब्रुवारीला तिचा दिवस, त्यांच्या जुन्या हिशोबाने वसंताचा पहिला दिवस, मेंढ्यांना दूध उतरायला लागतं तो काळ. आदल्या संध्याकाळी पाणथळ जागेतून लव्हाळा आणायचा, कापायचा नाही, उपटायचा, आणि घरात बसून विणायचा. दारावर किंवा छताच्या आढ्याला खोचायचा, गोठ्यातही लावतात. घर गवताने शाकारलेलं आणि मधोमध चूल, त्यामुळे आगीपासून राखण कर बाई, ही मुख्य मागणी. दरवर्षी नवा.

ही ब्रिजिड कोण? पाचव्या-सहाव्या शतकात किल्डेअरला मठ काढणारी संत, ख्रिस्ती, यात लपवाछपवी नको. पण याच नावाची एक देवीही त्यांच्याकडे होती, कवींची, वैद्यांची आणि लोहारांची, सन ९०० च्या आसपासच्या एका शब्दकोशात तिचं वर्णन आहे, आणि दूध, लोणी, गाई, विस्तव हे सगळं या संत बाईच्या गोष्टींत इतकं भरलंय की दोघींची सरमिसळ कुठे होते ते तिथले अभ्यासकही भांडत बसतात. किल्डेअरला तिच्या नावाने जोगिणी रात्रंदिवस अग्नी तेवत ठेवायच्या, बाराव्या शतकातल्या एका पाद्र्याने लिहून ठेवलंय, आणि १९९३ मध्ये तो परत पेटवला. २०२३ पासून तिच्या नावाने सरकारी सुट्टी आहे, बाईच्या नावाची त्यांची पहिली. सासूबाईंना तुम्ही हे इतिहासाचं सांगूच नका, त्यांना तिच्या पदराची गोष्ट सांगा. ब्रिजिडने राजाकडे मठासाठी जमीन मागितली, तो देईना, मग म्हणाली माझ्या अंगावरच्या शालीखाली मावेल एवढी तरी दे, राजा हसला आणि हो म्हणाला, आणि शाल अंथरली तर ती पसरतच गेली, अख्खं माळरान झाकलं. वामन आणि बळीची गोष्ट ज्यांनी शंभरदा सांगितलीय त्यांना हे दुसऱ्यांदा समजवावं लागणार नाही.

पण त्यांचा नकार खोडून काढायला म्हणून सांगू नका. 'आजी तो क्रॉस ख्रिश्चन नाहीच मुळी, ते तर निसर्गाचं' वगैरे खोटं तर अजिबात नको, त्या ब्याऐंशीच्या आहेत, दोन मिनिटांत पकडतील आणि मग विहीणबाईंच्या तोंडावर बोलतील. घर त्यांचं, दार त्यांचं, नाही म्हणायचा हक्क त्यांचा. मी तुमच्या जागी असते तर दारावर लावायचा की नाही हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवला असता आणि विहीणबाईंना लिहिलं असतं की तयार क्रॉस आणू नका, ३१ जानेवारीला संध्याकाळी आमच्याकडे बसून विणू या, लव्हाळा आम्ही आणतो. तसंही ओलं हिरवं गवत विमानातून आणायला निघाल्या तर विमानतळावर अडवायचे. गोदाकाठी, कालव्याच्या कडेला लव्हाळा भरपूर, भाजीवालीला सांगितलं तरी पेंडी आणून देईल.

मी शिकलेय ते तिथल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मधे टेबलावर ओल्या लव्हाळ्याचा भारा, त्याला तळ्यासारखा वास. एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून तिच्या पोटात अडकवायची, टोकं उजवीकडे. मग सगळं पाव फेरा फिरवायचं आणि तिसरी दुमडून दुसरीवर, परत पाव फेरा, चौथी, पाचवी, असं करत करत मधे एक विणलेला चौकोन तयार होतो आणि चार बाजूंना चार हात, एकमेकांसमोर नाही, जरा सरकलेले. सगळा खेळ डाव्या हाताच्या अंगठ्याचा, तो मधला चौकोन सोडला की संपलं. माझ्या शेजारची म्हातारी बोलत नव्हती, फक्त दर वेळी माझा अंगठा धरून खाली दाबायची. शेवटी टोकं दोऱ्याने बांधायची आणि कात्रीने सारखी करायची. माझा पहिला बसमध्येच सुटला.

तुमच्या सासूबाईंनी आयुष्यात पत्रावळी टाचल्या असतील, द्रोण लावले असतील, आंब्याच्या पानांचं तोरण दरवर्षी ओवत असतील. त्यांना विणायला बोलावू नका, नुसतं शेजारी बसवा. विहीणबाईंचा चौकोन सैल पडला की त्या गप्प बसणार नाहीत, मला खात्री आहे. आणि तयार झालेला तो क्रॉस त्या हातात धरतील तेव्हा चार सरकलेले हात बघून त्यांना काय आठवेल ते तुम्हाला मी सांगायला नको, पण तुम्हीही सांगू नका, त्यांचं त्यांना दिसू दे.

इतकं करूनही नको म्हणाल्या तर नको. विहीणबाईंना स्पष्ट सांगा की दारावर आमच्याकडे आंब्याचं तोरण असतं, हा आम्ही स्वयंपाकघरात गॅसच्या वर लावतोय. तो आगीपासून राखणारा आहे, गॅसपाशी लागला तर उलट जास्त शोभतो, त्यांना वाईट वाटणार नाही. स्वयंपाकघरही नको म्हणाल्या तर मुलाच्या खोलीत. तेही नको म्हणाल्या तर मुलगा-सून डब्लिनला घेऊन जातील, नाशिकच्या लव्हाळ्याचा क्रॉस.

तुमची,
ताई

ता. क. कार्डवाल्याला फोन आजच करा आणि प्रूफ व्हॉट्सॲपवर नाही, कागदावर मागवा. पाकळ्या स्वतः मोजा. तीन.